लांब रेसमध्ये लॅप मोजायला बसलात? मग आकडा डोक्यात ठेवूच नका

पोहणाऱ्याचा मित्र, बहीण, टीममधलं कोणीतरी जे त्या वेळी मोकळं दिसतंय असं कोणीही, ऐनवेळी पकडून काउंटर म्हणून काठावर बसवतात, हातात तो पाण्यात धरून पोहणाऱ्याला दाखवायचा, पानं पलटायचा आकड्यांचा बोर्ड कोंबतात आणि म्हणतात काही नाही रे, नुसतं मोजायचं तर आहे. आणि आपल्यालाही वाटतं, त्यात काय एवढं, साठपर्यंत आकडे तर येतातच आपल्याला. येतात हो, पण ओळीने म्हणायला येतात, दर अर्ध्या-पाऊण मिनिटाने एक असा वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये शिट्ट्या, आरडाओरडा, बाजूच्या लेनमधला कोणीतरी पुढे गेला म्हणून उठलेला गलका, आणि शेजारी बसलेल्याचं "कितवा चालूए रे?", या सगळ्यात म्हणायला येत नाहीत. मी स्वतः या खड्ड्यात पडलोय म्हणून सांगतोय.

माझी पहिली वेळ, १५०० मीटर, २५ मीटरचा पूल. मोठी स्पर्धा नव्हती, टाइम ट्रायल होती, त्यामुळे मोजायला मी एकटाच. बोर्डवर किती राहिलं ते दाखवत होतो, दर वेळी दोनने उतरणारे विषम आकडे (का ते पुढे सांगतो). बोर्डची पानं ओली होऊन एकमेकांना चिकटली होती आणि एकदा ३७ वरून पलटताना दोन पानं एकदम पलटली, म्हणजे ३५ च्या जागी थेट ३३. मी बघितलंच नाही! पलटलं म्हणजे बरोबरच असणार असं धरून पाण्यात घातला बोर्ड. त्या बिचाऱ्याने शेवटचे शंभर जीव तोडून मारले आणि १४५० वर भिंतीला हात लावून थांबला. टाइम भारी दिसत होता, इतका भारी की तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. नंतर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि बरोबरच होतं त्याचं.

तर आता नीट सांगतो.

सगळ्यात आधी लॅप म्हणजे काय ते पोहणाऱ्याशी बोलून घ्या. काही लोकांच्या तोंडी लॅप म्हणजे जाऊन-येऊन, काहींच्या तोंडी एकाच बाजूची लांबी. नियमाच्या भाषेत आणि बोर्डवर जो आकडा असतो तो एका लांबीचाच असतो, मी इथे त्याला लेंथ म्हणतो म्हणजे घोळ नको. ५० मीटरच्या पुलात ८०० म्हणजे १६ लेंथ आणि १५०० म्हणजे ३०. २५ मीटरच्या पुलात तेच ३२ आणि ६० होतात. २५ यार्डांच्या पुलात पोहतात तिथे ५०० यार्डला २०, १००० ला ४० आणि १६५० ला ६६. हे आकडे रेसच्या आधी कागदावर लिहा, तोंडी नको.

आता बसायचं कुठे, तर स्टार्टच्या समोरच्या टोकाला. तिथे बसण्याचा एक मोठा फायदा आहे जो कोणी सांगत नाही: त्या टोकाला येणारा आकडा कायम विषम असतो. पहिली लेंथ संपली की तो तुमच्याकडे, मग तिसरी, पाचवी, सातवी. एकूण लेंथ सम असतात म्हणून उरलेल्या मोजल्या तरी विषमच येतात, ३० मधून १ गेला २९, ३ गेले २७. म्हणजे तुमच्या डोक्यात किंवा बोर्डवर कधी सम आकडा आला तर समजा काहीतरी हुकलंय, पुढचं काही करायच्या आधी तिथेच थांबून तपासा. याला अपवाद म्हणजे विचित्र मापाचे पूल. काही जुने पूल ३३⅓ मीटरचे असतात, तिथे १५०० ला ४५ लेंथ होतात आणि रेस सुरू एका टोकाला, संपते दुसऱ्याच टोकाला. तिथे कागद-पेन घेऊन आधी पूर्ण तक्ता करा नाहीतर डोक्याचं भजं होईल.

दुसरी गोष्ट, चढता की उतरता. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या (पोहण्याची जागतिक संघटना, आधीची फिना) नियमात वैयक्तिक ८०० आणि १५०० ला समोरच्या टोकाचे टर्न इन्स्पेक्टरच (भिंतीला लागून परत फिरणं, म्हणजे टर्न, बघणारे पंच) कार्ड दाखवतात आणि त्यावर किती लेंथ राहिल्या ते असतं, म्हणजे उतरता क्रम, २९, २७, २५ करत शेवटी १. अमेरिकेत क्लब आणि कॉलेजच्या रेसेसमध्ये बहुतेक वेळा पोहणाऱ्याचा स्वतःचाच माणूस बसतो आणि तो चढता आकडा दाखवतो, आत्ता कितवी लेंथ चालू आहे तो, १, ३, ५ असा, आणि शेवटच्या टर्नला आकडा नाहीच, अख्खा केशरी किंवा लाल बोर्ड. दोन्ही पद्धती चांगल्या, पण दोन्ही एकत्र आल्या की सत्यानाश. पोहणाऱ्याच्या डोक्यात उतरता आणि तुमच्या हातात चढता असला तर अर्ध्या वाटेपर्यंत त्याला वाटेल आपलं फार थोडं अंतर राहिलंय, आणि नंतर वाटेल हे संपतच का नाहीये. गंमत म्हणजे ३० लेंथच्या रेसमध्ये एकच बोर्ड असा आहे जो दोन्ही पद्धतीत सारखा, तो १५ चा, कारण १५ झाल्या आणि १५ राहिल्या. बाकी सगळीकडे भानगड. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी त्याला नुसतं "मोजतो मी" असं सांगू नका, "पहिल्यांदा माझ्याकडे येशील तेव्हा तुला २९ दिसणार" असं आकड्यासकट सांगा. माझं मत विचाराल तर मला उतरता आवडतो, दमलेल्या माणसाला किती झालं यापेक्षा किती उरलं यात जास्त रस असतो. पण ज्याची रेस आहे त्याचं ऐकायचं, आपलं मत आपल्यापाशी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. आकडा लक्षात ठेवायचा नाही. अजिबात नाही. लक्षात ठेवलेला आकडा कोणीतरी "ए वेळ काय झाली" विचारलं की गेला. आकडा राहायला हवा बोर्डवर आणि कागदावर, आणि तो बदलायचा क्षण एकच ठरलेला हवा. तो क्षण म्हणजे पोहणाऱ्याचे पाय भिंतीवरून सुटले की लगेच. तो सुटला, बोर्ड वर, पान पलटा, नवीन आकडा डोळ्यांनी वाचा (तोंडाने मोठ्याने म्हटलं तर अजून बरं, लोक हसतील, हसू दे), कागदावर टिक, घड्याळ बघून वेळ लिहा. झालं, आता तो परत येईपर्यंत बोर्ड तयार आहे आणि तुम्ही मोकळे. जे लोक विचार करतात की आला की पलटू, तेच मधल्या वेळात विसरतात की मघाशी पलटलं होतं का नव्हतं, आणि मग भीतीने अजून एकदा पलटतात. पलटणं कायम गेल्यावर, येताना कधीच नाही. एवढं एक पाळलंत तरी बाकीचं निम्मं आपोआप नीट होतं.

कागद कसा करायचा ते सांगतो. रेसच्या आधीच सगळे विषम आकडे एकाखाली एक लिहून काढा, जो क्रम ठरलाय त्या क्रमाने. त्याच्यापुढे अंदाजे वेळ लिहा. समजा तुमचा माणूस १५०० मीटर ५० च्या पुलात २० मिनिटांत पोहतो, म्हणजे एक लेंथ ४० सेकंद. पहिल्यांदा तुमच्याकडे येईल ०:४० ला, मग दर १:२० ने, २:००, ३:२०, ४:४० असं. आठव्यांदा येईल तेव्हा घड्याळात बरोबर १०:०० आणि बोर्डवर १५. हा तक्ता समोर असला की घड्याळ तुमच्यासाठी दुसरा काउंटर बनतो. माणूस थोडा पुढेमागे होतो, पहिल्या दोनशेला जोरात असतो मग मंदावतो, पण तरी दोन टिकांमधलं अंतर एक-दोन-तीन सेकंदांनीच हलतं. आणि एखाद्या जागी अचानक १:२० च्या ऐवजी २:४० दिसलं तर तो दमला नाहीये, तुमची एक टिक राहिलीये. हे मी शिकलो ते त्या १४५० नंतर. त्या दिवशी माझ्याकडे घड्याळ होतं गळ्यात, पण कागद नव्हता, आणि कागद नसलेलं घड्याळ लॅप मोजायला काही कामाचं नाही.

२५ च्या पुलात हाच वेळ निम्मा होतो हे विसरू नका. त्याच वेगाचा माणूस दर ४० सेकंदांनी तुमच्यासमोर हजर. फोनला हात लावायचा विचारही नको. जगातले सगळ्यात वेगवान घ्या, पॅरिस २०२४ ला बॉबी फिंकने १५०० मारले १४:३०.६७ मध्ये, वर्ल्ड रेकॉर्ड, म्हणजे ५० मीटरला साधारण २९ सेकंद, म्हणजे ५० च्या पुलात सुद्धा मिनिट भरायच्या आत परत. अर्थात तिथे मोजायला मित्राला बसवत नाहीत, तिथे रिओ २०१६ पासून ओमेगाचे डिजिटल काउंटर पुलाच्या तळाशी ठेवलेले असतात, पोहणारा खाली बघूनच आकडा वाचतो. आपल्याला मात्र बोर्डच.

दोन माणसं मिळाली तर सोन्याहून पिवळं. एकाने फक्त बोर्ड, दुसऱ्याने फक्त कागद आणि घड्याळ. बोर्डवाल्याने पलटून आकडा म्हणायचा, कागदवाल्याने स्वतःच्या टिकेवरून तोच आकडा म्हणायचा, जुळला की गप्प. बोर्डवाल्याचा आकडा ऐकून कागदवाल्याने टिक मारायची नाही हं, मग दोन माणसं असून उपयोग काय, दोघं मिळून एकच चूक करणार.

पाण्यात बोर्ड धरण्याची पण एक रीत आहे. गुडघे टेकून बसा किंवा पोटावर झोपा, बोर्ड पूर्ण पाण्याखाली, सपाट बाजू पोहणाऱ्याकडे, आणि न हलवता. फ्रीस्टाइलवाला समोर बघत नाही, खाली बघतो, गॉगलमधून धूसर दिसतं, आणि टर्नच्या आधीच्या दोन-तीन स्ट्रोकमध्येच त्याची नजर भिंतीकडे जाते. पाण्याच्या वर हवेत धरलेला बोर्ड त्याला दिसतच नाही, तो फक्त प्रेक्षकांसाठी. पुलावर ५ मीटरवर ज्या झेंड्यांच्या दोऱ्या असतात त्याच्या बऱ्याच अलीकडे तो असतानाच बोर्ड पाण्यात गेलेला हवा. तळाची काळी पट्टी भिंतीच्या २ मीटर अलीकडे टी सारखी संपते, त्याचं डोकं त्या टीच्या वर आलं की बोर्ड काढून घ्या, कारण पुढच्या क्षणी त्याच्या टाचा तुमच्या बोटांवर येणार आहेत. टाच बसली की कळतं, मी परत सांगायची गरज पडत नाही. शिवाय टचपॅड (भिंतीवरची, पोहणारा लागला की वेळ नोंदवणारी पाटी) लावलेलं असेल तर त्यावर टेकू नका, दाबू नका, बोर्ड आपटू नका, ते दाबावर चालतं आणि तुमच्या कोपराला आणि पोहणाऱ्याच्या पायाला ते वेगळं ओळखत नाही. अमेरिकन नियमात तर स्पष्टच आहे की बोर्ड पाण्यात घातला तर चालेल पण त्याने पोहणाऱ्याला शारीरिक मदत होता कामा नये, दुसऱ्याला अडथळा होता कामा नये.

बोर्ड हलवून खुणा करायची पण पद्धत आहे, वर-खाली हलवला की जोर लाव, वगैरे. आधी ठरलं असेल तरच करा. न ठरवता हलवला तर त्याला आकडा तर दिसत नाहीच, वर तो विचार करत बसतो की याला झालं काय.

बाजूच्या लेनकडे बघायचं नाही. हे सगळ्यात अवघड. लांब रेसमध्ये पुढचा माणूस मागच्याला एक अख्खी फेरी टाकून पुढे जातो, मग तुमच्या लेनमध्ये ११ असताना शेजारी ९ दिसतो, आणि मन लगेच खातं की माझंच चुकलं वाटतं. नाही चुकलं. शेजारचा वेगळा माणूस पोहतोय, त्याचा आकडा त्याच्यापाशी. मी तर बघितलंय एका काउंटरने शेजारचं बघून स्वतःचा बरोबर असलेला बोर्ड "दुरुस्त" केला. एका लेनमध्ये दोन जण पोहत असतील तर (सरावात आणि काही मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांच्या, रेसेसमध्ये असतं असं) टोपीच्या रंगावर जा आणि दोघांना दोन काउंटर घ्या, एकाने दोन बोर्ड सांभाळायच्या फंदात पडू नका.

मग घंटा. १५०० आणि ८०० मध्ये दोन लेंथ आणि ५ मीटर राहिले की स्टार्टच्या टोकाला घंटा किंवा शिट्टी वाजते, आणि टर्न मारून तो लेनच्या दोरीवरच्या ५ मीटरच्या खुणेपर्यंत जाईपर्यंत वाजतच राहते. ही तुमच्यासाठी फुकटची तपासणी आहे. उतरत्या क्रमात तुम्ही ३ दाखवला, तो तिकडे गेला, घंटा वाजली, तो तुमच्याकडे आला, तुम्ही १ दाखवला, गेला, संपलं. म्हणजे घंटा वाजताना तुमच्या हातात १ चा बोर्ड तयार असायलाच हवा. हातात ३ असेल आणि तुमच्याच लेनला घंटा झाली असेल तर कागद बघा, लगेच. पण घंटा तुमच्याच लेनची आहे ना हे पण बघा, पुढच्या माणसाची घंटा ऐकून घाबरणारे काउंटर पण पाहिलेत.

चूक झालीच तर? होते, सगळ्यांची होते. आता काय करायचं तर पुढच्या टर्नला बरोबर आकडा दाखवायचा, सरळ, लाज न बाळगता. पोहणाऱ्याला आकड्यांचा नेहमीचा क्रम तुटलेला दिसेल, क्षणभर गोंधळेल, पण बरोबर अंतरावर थांबेल. लोक काय करतात की हळूहळू जुळवून घेऊ म्हणून तोच आकडा दोनदा दाखवतात आणि कागदावर लिहीत नाहीत, मग त्यांनाच आठवत नाही की जुळवलं की राहिलं. आणि कागद, घड्याळ, बोर्ड तिन्ही वेगळं सांगत असतील, काहीच कळत नसेल, तर जास्त पोहू दे, कमी नको. कमी पोहला तर रेस पूर्णच झाली नाही. जास्त पोहला तर दमेल, शिव्या घालेल, पण बरोबर अंतराच्या टर्नला पाय भिंतीला लागलेले असतात, टचपॅड असेल तर तो स्प्लिट, म्हणजे तिथपर्यंतची वेळ, सापडायची शक्यता तरी राहते. आणि हो, काउंटरने चुकीचा आकडा दाखवला म्हणून पोहणाऱ्याला सूट मिळत नाही, अंतर पूर्ण करायची जबाबदारी शेवटी त्याचीच असते.

म्हणूनच पोहणाऱ्याने स्वतः पण मोजावं, आणि यासाठी मला एक जमलेली युक्ती आहे. लेंथ मोजू नका, शंभर मोजा, आणि आकड्यांनी नको, बाराखडीतल्या व्यंजनांनी. १५०० म्हणजे पंधरा शंभर, आणि क पासून ण पर्यंत मोजून पंधरा अक्षरं! पहिले शंभर क, दुसरे ख, ङ संपला की ५००, ञ संपला की १०००, मग ट ठ ड ढ आणि ण ला जीव तोडायचा. ८०० ला क ते ज, आठ. आकड्यांनी मोजलं की स्ट्रोकचे आकडे, घड्याळाचे आकडे, सगळे एकमेकांत मिसळतात, अक्षरं मिसळत नाहीत. ५० च्या पुलात एक अक्षर म्हणजे एकदा जाऊन-येऊन, २५ च्या पुलात दोनदा. दोनदा असेल तिथे पहिल्या वेळी नुसतं ग, दुसऱ्या वेळी गा. काना लागला की शंभर पूर्ण. ङ आणि ञ ला काना कसा लावायचा ते तुमचं तुम्ही बघा, मी पाण्यात काहीतरी म्हणतो आणि पुढे जातो.

मनगटावरच्या घड्याळांबद्दल विचारतात लोक. सरावाला ठीक, पण ती तुमच्या भिंतीवरच्या ढकलण्यावरून टर्न ओळखतात, त्यामुळे कमजोर टर्न मारला किंवा मध्येच गॉगल नीट करायला थांबलात की आकडा हुकतो. रेसमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच अधिकृत रेसेसमध्ये ते घालून उतरूच देत नाहीत. बोटात घालायचे ते बटणवाले काउंटर, जपाला वापरतात तसले, काठावर बसलेल्याला कागदाच्या जोडीला चांगले आहेत, कागदाच्या ऐवजी नाहीत, कारण बटण दाबलं का नाही हे बटण सांगत नाही.

अजून एक प्रकार म्हणजे एका तासात किती अंतर होतं ती रेस, अमेरिकेतले मास्टर्सवाले दरवर्षी करतात, आपापल्या पुलात पोहायचं आणि दर पन्नासची वेळ लिहिलेला कागद पाठवायचा. तिथे एकूण लेंथ आधी माहीतच नसतात त्यामुळे उतरता क्रम शक्यच नाही, बोर्ड पण गौण, कागद हाच सगळा निकाल. लांब मोजणी शिकायची असेल तर एकदा अशा तासाला बसून बघा, कमरेची वाट लागते पण हात बसतो.

निघताना बोर्डची पानं पुसून, पंख्यासारखी उघडी करून सुकवून ठेवा. आणि पुढच्या वेळी रेसच्या आधी सगळी पानं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पलटून बघा, एखादं गायब तर नाही ना, उलटं लागलेलं नाही ना. माझ्या बोर्डवर ३५ आणि ३३ च्या मध्ये मी आता सेलोटेपचा छोटा तुकडा लावून कान काढलाय, बोटाला लागतो.